निवडून बोलणे हा दुटप्पीपणा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या सामाजिक प्रश्नावर कोणी तोंड उघडले की ‘मग त्या दुसऱ्या प्रकरणात मूग गिळून का बसला होतात?’ असा सवाल हमखास येतो. विचारणाऱ्याला बहुधा त्या दुसऱ्या प्रकरणाचेही सोयरसुतक नसते. परिणामी भली माणसे एक तर प्रत्येक विषयावर दोन ओळींचा निषेध नोंदवून मोकळी होतात किंवा कायमची गप्प बसतात. माझ्या मते विषय निवडून बोलण्यात गैर काही नाही. फक्त आज कशाची चर्चा आहे, ही निवडीची कसोटी नसावी.

गुलामांच्या प्रश्नावर लंडनमध्ये १७८७ साली स्थापन झालेल्या समितीपुढे हाच पेच होता. समितीतले ग्रॅनव्हिल शार्प यांच्या मते थेट गुलामगिरीलाच विरोध करायला हवा होता. इतरांनी मात्र आधी गुलामांच्या व्यापाराविरुद्धच बोलायचे ठरवले, कारण व्यापारावर निर्बंध घालण्याचा पार्लमेंटचा अधिकार निर्विवाद होता. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला, गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्याला १८३३ उजाडले. या धोरणीपणाची किंमत मधल्या काळात गुलामांनीच मोजली, त्यामुळे शार्प चुकले असे मला म्हणवत नाही. पण कोणाकडे नेमके काय मागायचे, हे समितीला पक्के ठाऊक होते; निवडीची पहिली कसोटी हीच.

दुसरी कसोटी जाणकारीची. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला उतार कागदोपत्री पूर्ण असतो आणि त्याच्या टोकाशी चार बोटे उंचीचा उंबरठा तसाच राहिलेला असतो. एक फूट चढण्यासाठी उताराची लांबी किमान बारा फूट लागते, एवढे ज्याला कळते तो योग्य अधिकाऱ्याकडे नेमकी तक्रार करू शकतो. त्याने इतर अन्यायांवर मत दिले नाही म्हणून काही बिघडत नाही. शिवाय चिकाटी हवीच. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत संततिनियमनाचा विषय आपल्या मासिकातून, खटले अंगावर घेऊन, मांडत राहिले.

मात्र ज्या अन्यायाचा लाभ आपल्याच पदरात पडतो किंवा जो आपल्याच घरात, आपल्याच संस्थेत चालतो, तिथे ‘हा माझा विषय नाही’ ही सबब मला मान्य नाही.

वाचकांच्या पत्रांत ताज्या बातमीला झुकते माप मिळणे स्वाभाविक आहे. तरी काही महिन्यांपूर्वी मांडलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे कळवणाऱ्या पत्रांनाही आपण जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक