शाळेतून माहिती नेता, परत काय देता?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत संशोधनासाठी येणाऱ्यांचे पहिले गणित चुकते ते वेळेचे. एका मुलाचे वाचन ऐकून नोंद करायला 7 मिनिटे धरली, तर 40 मुलांच्या वर्गाला 280 मिनिटे, म्हणजे 35 मिनिटांच्या 8 तासिका लागतात. मुख्याध्यापकांना मात्र 'एक-दोन तासिका पुरतील' असे सांगितलेले असते. मग गणिताच्या बाई दारात येऊन घड्याळ बघू लागतात आणि बिनसायला सुरुवात होते. खरा आकडा आधीच सांगावा. तेवढा वेळ नसेल तर 12 मुलांवर भागवावे. 3 तासिकांत काम होते.

दुसरी गफलत संमतीची. मुख्याध्यापकांची सही ही फक्त आत येण्याची परवानगी. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार वेगळा घ्यावा लागतो. सर शेजारी उभे असताना कोणते मूल 'नको' म्हणेल? आणि म्हणालेच, तर तेवढा वेळ त्याने काय करायचे हे ठरलेले नसते. ते मागच्या बाकावर शिक्षा झाल्यासारखे बसून राहते.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाची, म्हणजे ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच सोबत घेऊन करायच्या संशोधनाची, मांडणी केली, तरी आजही प्रश्नावली आधी छापली जाते आणि शाळा नंतर शोधली जाते. पहिल्या दोन भेटींना कागद न नेता शिक्षकांना विचारावे, मुले कुठे अडतात? उत्तर 'जोडाक्षरांपाशी' असे आले, तर प्रश्नावलीत ते दिसले पाहिजे.

अहवालात शाळेचे नाव गाळले की गोपनीयता पाळली, असे समजले जाते. पण 'चौथीचे एकमेव पुरुष शिक्षक' म्हटल्यावर शाळेत कोणाला कळायचे राहते? असा मजकूर छापण्याआधी त्या शिक्षकांना दाखवावा. निष्कर्ष आधी अधिकाऱ्यांकडे गेले तर शिक्षकांना ती तपासणीच वाटते, आणि पुढच्या वेळी उत्तरे गुळगुळीत येतात. म्हणून महिन्याभरात साध्या भाषेतली दोन पाने आधी शिक्षकांच्या बैठकीत ठेवावीत, शिक्षकांची क्रमवारी न लावता. शिकवण्याची नवी पद्धत तपासताना तुलनेसाठी ज्या वर्गाला ती दिली नाही, त्यालाही शेवटच्या मोजणीनंतर त्या पद्धतीचे साहित्य द्यावे.

हे सगळे एका पानावर लिहून शाळेतल्या दोघांकडे ठेवावे. एकाचीच ओळख असेल, तर त्याच्या बदलीबरोबर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

आपले,
शालेय संशोधनात काम करणारे काही वाचक