बापूच्या डाव्या हाताविषयी जिभाऊस पत्र

वैशाख वद्य पंचमी

प्रिय जिभाऊ,

सप्रेम नमस्कार.

पोळ्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, आणि तुझे दोन फोन आले तेव्हाही "सगळे ठीक आहे" म्हणून विषय संपवला, याची मनाला फार टोचणी आहे. माझ्या धाकट्या भावाच्या, आपल्या बापूच्या, हाताची बातमी तुला बाहेरून कळली. ती मी सांगायला हवी होती. माझी साखर आटोक्यात आहे, तुझ्या वहिनीचा गुडघा होता तसाच आहे. आता मुद्द्याचे लिहितो, कारण परवा जो कागद माझ्या हाती आला, तो वाचून ज्याच्या काळजात हलेल असा माणूस तुझ्यावाचून दुसरा नाही.

कडबाकुट्टीत बापूचा डावा हात सापडला. तर्जनीची दोन पेरे गेली, अंगठा शस्त्रक्रियेने वाचला, पण तो आता वळत नाही आणि मधले बोट ताठच राहते. उपचार पुरे झाल्यावर फाल्गुनात त्याला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणीला नेले. टक्के आले 37. कार्ड मिळाले ते पांढऱ्या पट्ट्याचे, कारण पिवळी पट्टी 40 टक्क्यांपासून आणि निळी 80 पासून सुरू होते. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात 40 टक्के ही रेघ आहे. तिच्यावर किंवा तिच्या पुढे असलेल्यालाच लक्षणीय दिव्यांगत्व आहे असे धरतात, आणि संजय गांधी निराधार योजनेचे दारही त्याच रेघेवर उघडते. दिव्यांगांना आता त्या योजनेत महिना 2,500 रुपये मिळतात. जमीन नसलेल्या, सालदारी करून पोट भरलेल्या आणि आता विळाही धरता न येणाऱ्या माणसाला त्या रकमेचे मोल काय आहे, हे तुला सांगायला नको.

त्या योजनेसाठी केलेला अर्ज तहसीलमधून अपात्र होऊन आला. शेरा एका ओळीचा होता : दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी. मी तिथे पाच हेलपाटे घातले, उत्पन्नाचा दाखला पुन्हा दाखवला, रेशनकार्ड दाखवले, शस्त्रक्रियेची कागदपत्रे दाखवली, आणि महिना त्यातच गेला. शेवटी तिथल्या एका अव्वल कारकुनाने मला खुर्चीवर बसवून शांतपणे समजावले की, तहसीलच्या हाती टक्के नाहीत. प्रमाणपत्रावर जो आकडा असेल तोच त्यांना मानावा लागतो. तेव्हा भांडायचे असेल तर निर्णयाशी नव्हे, त्या आकड्याशी भांडा, आणि कायद्याच्या कलम 59 खाली अपील करा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर! आपल्या भागातले कितीतरी लोक असेच चुकीच्या खिडकीसमोर उभे राहून थकतात आणि घरी बसतात. बापूही बसलाच होता. "ऱ्हाऊ दे आप्पा, माले नही जोयजे," एवढेच म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला.

मी मात्र सोडले नाही. दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहिती अधिकारात तपासणीच्या कागदांची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत संपता संपता परवा ती आली, आणि तिच्यात एक ओळ अशी आहे की ती वाचून मी ओट्यावरून बराच वेळ उठलो नाही. कामाचा हात : उजवा.

जिभाऊ, बापू आणि उजवा!

हे कसे झाले ते तुला क्षणात कळेल. तपासणीच्या आधी त्याने फॉर्मवर सही केली ती उजव्या हाताने, कारण लिहिण्यापुरता तो उजवाच हात वापरतो. तो का वापरतो हे तुला, मला आणि त्या वर्गातल्या चार पोरांनाच ठाऊक. गुरुजींनी त्याचा डावा हात करगोट्याला बांधून पाटीवर बाराखडी गिरवून घेतली होती, आणि घरी आई ताटावर बसताना त्याच्या डाव्या हातावर पळी मारायची. मीही मारत असे. मोठा भाऊ म्हणून ते आपले कामच आहे, असे मला वाटे. आता त्याच्या त्या हाताकडे पाहवत नाही. लेखणी आणि घास एवढे दोन आम्ही उजवीकडे नेले. बाकी सगळा बापू डावाच राहिला. कैऱ्या पाडताना त्याचा दगड कधी चुकला नाही, आणि तुझ्या कपाळावरची खूण त्याच हाताची आहे, हे तरी तू विसरणार नाहीस.

माणसाचा नेहमीचा, कामाचा हात निकामी झाला असेल, तर मोजणीत त्याचे काही गुण वेगळे धरले जातात. बापूला फक्त तीन टक्के कमी पडले आहेत, म्हणून ही एक ओळ मला इतकी महत्त्वाची वाटते. दुसरेही एक आहे. मोजणी करताना बोटे किती तुटली एवढेच पाहायचे नसते. पकड पाहायची असते. किल्ली चिमटीत धरता येते का, गोल वस्तू मुठीत येते का, दांडा धरता येतो का, पिशवीचे ओझे बोटांत अडकवून उचलता येते का, हे सारे वेगवेगळे तपासायचे असते. बापू सांगतो की त्याला काहीच उचलायला सांगितले नाही; हात पाहिला, उलटा करून पाहिला आणि "या" म्हटले. तिथल्या डॉक्टरांच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही; बाहेर रांग केवढी होती ते मी स्वतः पाहिले. पण रांग मोठी होती म्हणून बापूचा हात उजवा होत नाही.

अपिलाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात फेरतपासणी मागितली आहे, आणि पकडीची प्रत्येक चाचणी घ्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. पुरावा म्हणून बापूचा विळा सोबत नेणार आहे. आपल्या गावच्या लोहारदादांनी तो डावऱ्यासाठी उलट्या बाजूने धार काढून दिला होता; उजव्या हाताने त्याने घासाची पेंढीसुद्धा नीट कापली जात नाही. असा विळा घरात कोण उगीच बाळगतो?

आणि आता तुझे काम. मला तुझे प्रतिज्ञापत्र हवे आहे. तिसरीत असताना बापू डाव्या हाताने लिहितो हे गुरुजींना कुणी सांगितले, यावरून मी तुझ्याशी किती वर्षे भांडलो! तू सांगितलेस असे मी म्हणत राहिलो, तू नाही म्हणत राहिलास, आणि तुझ्या लग्नातसुद्धा पंगतीत तो विषय काढून मी तुला रागावून उठवले. आज मला ते कुणी सांगितले याच्याशी काही घेणे नाही. तू त्या दिवशी त्याच्या शेजारी बसला होतास, करगोट्याची गाठ तू सोडलीस, हे तू तेव्हाच मला सांगितले होतेस, आणि मला तेवढेच हवे आहे. मी सख्खा भाऊ, माझ्या शब्दाला तिथे वजन कमी. तू परका, शिवाय सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. जे डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच लिही. बापूवरच्या मायेने एक शब्दही जास्त घालू नकोस, कारण वाढवलेले लगेच कळते आणि मग खरेही खोटे ठरते. शाळेतले लिही, दगडाचे लिही, आणि तुमच्या मळ्यात तो दोन हंगाम कापणीला होता तेव्हा विळा कोणत्या हातात असे ते लिही. नोटरीपुढे सही करून रजिस्टर पोस्टाने पाठव. अपिलाला मुदत असते, म्हणून आठवडाभरात हातावेगळे केलेस तर बरे.

बापूला यातले अजून काही सांगितलेले नाही. पूर्वी आखाजीला झोके बांधायचे काम त्याचेच असे. यंदा तो झाडाखाली उभा राहून पोरांना गाठ कशी मारायची ते तोंडाने सांगत होता. तुझा कागद आला म्हणजे तोच त्याला दाखवीन. तुझ्याशी तो कधी नाही म्हणत नाही.

धाकटीला स्थळ आले होते त्याचे पुढे काय झाले? घराचा वरचा मजला झाला का? वहिनींना नमस्कार. उडदाच्या पापडांचा डबा बांधून ठेवला आहे, कुणी तिकडे येणारा मिळाला की देतो. आधार कार्डाची प्रत जोडायला विसरू नकोस.

तुझा,
आप्पा