सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र: मुंबईत प्रदर्शनं भरतात, त्यांच्यावर मराठीत लिहिणार कोण?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतली चित्रप्रदर्शनं बघतो आणि त्यांच्यावर मराठीत लिहितो. पोटासाठी नोकरी वेगळी आहे, हे काम सुट्टीच्या दिवशी आणि ऑफिस लवकर सुटलं तर अधल्यामधल्या संध्याकाळी. पत्र लिहायचं कारण एवढंच की या शहरात दर आठवड्याला इतकी प्रदर्शनं लागतात आणि उतरतात, आणि त्यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच मागे राहत नाही, म्हणजे कोणी काय दाखवलं, ते जमलं होतं का, नसेल जमलं तर कुठे फसलं, काहीच नाही. यात सरकारला करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितोय.

जहांगीर आर्ट गॅलरीचंच घ्या. 1952 पासून उभी आहे, तिकीट नाही, मंत्रालयातून चालत निघालात तरी वीसेक मिनिटांत पोचाल. तिथे तारीख मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, आणि एवढं थांबून मिळतो एक आठवडा, मंगळवारी लागलं की पुढच्या सोमवारी उतरलं. आता समजा मी बुधवारी जाऊन बघितलं, रात्री बसून लिहिलं, तरी रविवारच्या पुरवणीची पानं तोवर लागलेली असतात, त्यामुळे छापून येणार पुढच्या रविवारी, आणि तोवर त्या भिंतींवर दुसऱ्याच कोणाची तरी चित्रं. मग संपादक म्हणतात की संपलेल्या प्रदर्शनाचं परीक्षण कशाला छापायचं, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही चूक नाहीत. म्हणून छापून काय येतं, तर प्रेस नोट. ती तुम्हीही वाचली असेल, सगळीकडे सारखीच असते, "निसर्गाची विविध रूपे रसिकांना भुरळ घालतात", मग चित्रकाराचे पुरस्कार, मग उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, आणि शेवटी "सदर प्रदर्शन सकाळी 11 ते सायंकाळी 7 या वेळेत सर्व रसिकांसाठी विनामूल्य खुले राहील". चित्रकाराने चार-पाच वर्षं खपून केलेल्या कामाबद्दल मराठी वाचकाला मिळतं ते एवढंच. त्यात काही ठिकाणी तर बातमी छापायची असेल तर जाहिरात द्या असं सरळ सांगतात, मला हे तरुण चित्रकारांनी स्वतः सांगितलंय, नावं घेत नाही.

याउलट तुमच्याच खात्याची राज्य नाट्य स्पर्धा बघा. तिथे हौशी संघ नाटक करतात, आणि कित्येक गावांत प्रत्येक नाटकावर लोकल पेपरात लिहून येतं, नेपथ्य कसं होतं, कोणाचे उच्चार कच्चे होते, दुसरा अंक कुठे रेंगाळला, सगळं. लोक वाचतात, भांडतात, संघ चिडतो, पुढच्या वर्षी सुधारून येतो. मराठी माणसाला समीक्षा नको असते हे म्हणूनच मला पटत नाही. नाटकाला ती सवय लागली कारण तिथे स्पर्धा होती, केंद्रं होती, वेळापत्रक होतं, कोणी तरी लिहिणाऱ्याला बोलावत होतं. चित्रकलेला हे कोणी केलं नाही.

आणि चित्रकलेत लिहिणारे नव्हते असंही नाही. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा नव्या विचाराच्या चित्रकारांचा गट उभा राहिला तेव्हा रुडॉल्फ व्हॉन लायडन टाइम्स ऑफ इंडियात त्यांच्यावर लिहीत होते, त्या लिखाणामुळे हुसेन, रझा, सूझा ही माणसं काय करतायत हे शहराला कळलं. त्या ग्रुपमध्ये अमरावती जिल्ह्यातले ह. अ. गाडे होते, सदानंद बाकरे होते, आज किती मराठी वाचकांना ही नावं माहीत आहेत? बाकरे तर नंतर लंडनहून परत येऊन कोकणात मुरुड-हर्णैला राहिले आणि 2007 साली तिथेच गेले. मराठीत ज्ञानेश्वर नाडकर्णी होते, नाटक आणि चित्रं दोन्हींवर लिहायचे, संभाजी कदम होते. पुढेही माणसं येत राहिली, आजही दोन-चार जण आहेत, पण ते प्रत्येकाच्या हट्टावर चाललंय, त्यामागे व्यवस्था कुठलीच नाही. माणूस थकला की ते सदर बंद, आणि कात्रणं त्याच्या घरातल्या कपाटात.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. 2019 च्या फेब्रुवारीत एनजीएमएमध्ये, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, चित्रकार प्रभाकर बरव्यांचं मोठं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते, स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बंद केल्याचा विषय त्यांनी काढला आणि त्यांना मध्येच थांबवायचा प्रयत्न झाला. त्याची देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती, आणि ती संस्था केंद्राची असली तरी राज्याचे मंत्री म्हणून तुम्ही त्या समित्यांचा विषय दिल्लीत लावून धरावा असं मला आजही वाटतं. पण साहेब, त्या गदारोळात चित्रांवर कोण बोललं? बरवे आपल्या अलिबागजवळच्या नागावचे, चित्राबद्दलचा विचार त्यांनी मराठीत मांडला, त्यांचं 'कोरा कॅनव्हास' 1990 साली मराठीत आलं, चित्रकाराने चित्र करताना डोक्यात काय चालतं ते इतकं स्वच्छ लिहिलेलं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. अशा माणसाचं एवढं मोठं प्रदर्शन आपल्याच शहरात लागतं, आणि त्यांच्या चित्रातलं एखादं पान, घड्याळ, क्लिप यांच्यामध्ये ती जी रिकामी जागा सोडलेली असते ती का सोडलीय, ती डोळ्याला इतकी भरलेली का वाटते, हे समजावून सांगणारं मराठी लिखाण शोधायला गेलं तर बोटावर मोजण्याइतकं. वादाच्या बातम्या मात्र ढीगभर.

किमतीच्या बातम्यांचंही तेच. हुसेनच्या 'ग्राम यात्रा'ला मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 118 कोटी आले, सगळीकडे छापून आलं. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्राला किती कोटी आले हेही प्रत्येक पेपर देतो. पण गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर काय बघायचं, त्या रंगाच्या थरांमध्ये नजर हळूहळू कशी आत जाते, हे कोणी सांगत नाही, त्यामुळे वाचकाला फक्त आकडा कळतो आणि तो म्हणतो, "यात काय आहे एवढं?" प्रश्न रास्त आहे त्याचा. त्याला उत्तर मिळत नाही ही आपली चूक आहे, त्याची नाही.

उत्तर देता येतं, आणि सोप्या मराठीत देता येतं. 2013 साली भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर रीना कल्लाट यांनी एक अवाढव्य कोळ्याचं जाळं लावलं होतं. जवळ गेल्यावर कळायचं की ते जाळं रबरी शिक्क्यांचं आहे, आणि शिक्क्यांवर मुंबईतल्या नावं बदललेल्या रस्त्यांची इंग्रजांच्या काळातली जुनी नावं आहेत. आता बघा, ज्या माणसाने आयुष्यभर सरकारी ऑफिसात शिक्के बघितलेत, ज्याच्या घरात अजून कोणी लॅमिंग्टन रोडच म्हणतं, त्याला हे काम समजायला कुठल्या थिअरीची गरज आहे? नाव बदलायला एक शिक्का पुरतो, पण जुनं नाव लोकांच्या तोंडात राहतंच, आणि ते जाळ्यासारखं जुन्या इमारतीला चिकटून असतं. मला ते काम आवडलंच, फक्त इमारत इतकी देखणी की लांबून जाळं तिच्यावरच्या नक्षीसारखं दिसायचं, त्यातला दंश जरा कमी व्हायचा, असं माझं मत. कोणी म्हणेल तसं नाही, उलट तेच बरोबर होतं. हा वाद भायखळा, परळ, लालबागच्या माणसाने घालायला हवा होता, कारण रस्ते त्याचे आहेत, पण त्याच्यापर्यंत ते काम मराठीत पोचवणारं कोणी नव्हतं.

तसंच सुधीर पटवर्धनांचं. ठाण्यात राहणारा, रेडिओलॉजिस्ट म्हणून कितीतरी वर्षं काम केलेला हा चित्रकार, त्यांनी लोकलमधली माणसं, इराण्याच्या हॉटेलातला माणूस, बदलतं लोअर परळ रंगवलं. 2019 च्या शेवटी एनजीएमएमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन होतं, एकेक मजला चढत गेलं की या शहराची चाळीसेक वर्षं समोर यायची. याच पटवर्धनांनी 2008 च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' नावाने समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं, मूळ चित्रं, छापील प्रती नव्हेत, एका खासगी गॅलरीच्या मदतीने. जे एका चित्रकाराला आणि एका गॅलरीला जमलं ते राज्याला का जमू नये हा प्रश्न मी तुम्हाला मनापासून विचारतो.

आता मागणं काय ते.

पहिलं भिंतीवरच्या मजकुराचं. एका म्युझियममध्ये मी एका कुटुंबाला बघितलं, आई मुलीला बोर्ड वाचून दाखवायचा प्रयत्न करत होती, इंग्रजी, आणि तेही असं इंग्रजी की त्यातलं एक वाक्य संपेपर्यंत आपण सुरुवात विसरतो. दोन बोर्डांनंतर त्यांनी वाचणं सोडलं आणि फोटो काढून निघून गेले. राज्याचा किंवा महापालिकेचा पैसा, जागा, अनुदान, काहीही घेणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनात मराठी मजकूर हवा अशी अट घाला, पण कृपा करून तो मशीनने किंवा शासकीय भाषांतराने करू नका, "सदर कलाकृतीद्वारे कलावंताने अस्तित्वाच्या विविधांगी पैलूंचा वेध घेतला आहे" हे वाचून कोणाचंच भलं होत नाही. जाणत्या माणसाकडून मुळातून मराठीत लिहून घ्या, त्याला पैसे द्या, आणि खाली त्याचं नाव द्या, म्हणजे तो जबाबदारीने लिहील.

दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी फेलोशिप. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, वर्षाला मोजकी माणसं निवडा, त्यांनी वर्षभर प्रदर्शनं बघायची आणि मराठीत लिहायचं, ते ऑनलाइन लगेच यायला हवं, प्रदर्शन चालू असताना. प्रवास आणि मानधन एवढंच द्या, डोंबिवली-बदलापूरहून कुलाब्याला जायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात, त्यात बऱ्याच खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, म्हणजे नोकरदाराला शनिवारच उरतो. पण एक अट: निवड आणि संपादन खात्याच्या हातात नको. बाहेरची समिती हवी आणि तिने काय छापावं यात मंत्रालयाचा शब्द चालू नये. फेलोशिप घेणाऱ्याने राज्य कला प्रदर्शनावर कडक टीका केली तर ती जशीच्या तशी आली पाहिजे. नाहीतर सरकारी खर्चाने आणखी प्रेस नोटा तयार होतील आणि त्या आम्हाला नकोत.

राज्य कला प्रदर्शनाचा विषय निघालाच आहे तर, मला माहीत आहे की कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे येतं, तुमच्याकडे नाही. तरी दोन मंत्री एका टेबलावर बसू शकतात. या प्रदर्शनाने साठी ओलांडली आहे, पण बक्षीस कोणाला मिळालं हे कळतं आणि का मिळालं हे कधीच कळत नाही. परीक्षकांनी प्रत्येक बक्षिसामागचं कारण चार ओळीत लिहून तिथेच लावावं. नाराजी होईल, होऊ दे. जे विद्यार्थी गडचिरोली, सांगोला, कणकवलीहून काम पाठवतात त्यांना त्या चार ओळींतून वर्गात मिळत नाही ते मिळेल. या प्रदर्शनाच्या जुन्या कॅटलॉगांचं स्कॅनिंग करून ते सगळ्यांसाठी खुले करा, आणि जुन्या समीक्षकांची कात्रणं त्यांच्या घरच्यांकडून मागून घ्या, अजून मिळतील तोवर.

जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बडोद्याला फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथून लिहिणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होतायत. 1857 साली सुरू झालेल्या आपल्या शाळेत मराठीतून कलासमीक्षा शिकवणारा कोर्स सुरू व्हावा यासाठी तुम्ही शब्द टाका. आणि तोवर पु. ल. देशपांडे कला अकादमी तर तुमच्याच खात्याची आहे, प्रभादेवीला, सगळ्यांना सोयीची. तिथे महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा, त्या महिन्यात बघितलेल्या प्रदर्शनांवर लोकांनी बोलायचं, चित्रकारानेही यायचं, खुर्च्या आणि प्रोजेक्टर सोडून काही लागत नाही. पहिल्या संध्याकाळसाठी लिहिणारे-बोलणारे मी गोळा करून देतो, एक पैसा न घेता. तारीख आणि हॉल तेवढा तुमच्या खात्याने द्यावा, शक्यतो येत्या राज्य कला प्रदर्शनाच्या आठवड्यातच, म्हणजे चित्रं भिंतीवर असतानाच बोलता येईल.

आपला,
प्रदर्शनं बघणारा आणि त्यांच्यावर लिहिणारा एक डोंबिवलीकर