स्वेटरचे पाच सेंटिमीटर

ठाणे,
16 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलेल्या प्रश्नाला मी हसून बगल दिली. कॉलेजची प्रात्यक्षिके, बारावीच्या जर्नलांचे गठ्ठे, चिमीचा अभ्यास आणि रोजचा गाडीचा प्रवास एवढे सगळे असताना लोकर, भरतकामाची रिंग आणि रंगाची पातेली यांना मला वेळ कुठून मिळतो, आणि मिळालाच तर त्या वेळात मी झोप का काढत नाही, असे तुम्ही विचारलेत. फोनवर उत्तर दिले असते, तर आईने मध्येच “जेवलास का” म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र.

झोपेचा वेळ मी घेत नाही, बाबा, मोबाइलचा घेतो. आणि खरे सांगायचे तर वेळ मिळतही नाही. दिवाळीच्या सुटीत तुमचा स्वेटर सुरू करीन, मे महिन्यात आजीच्या इरकल साडीवरचे कसुतीचे भरतकाम उतरवून घेईन, असे म्हणत मी दोन वर्षे काढली. सुटीत पाहुणे आले, मे महिन्यात दुरुस्ती आणि प्रवेशाची कामे आली, आणि पलंगाखाली ठेवलेल्या लोकरीला कसर लागली. त्यानंतर मी सुटीची वाट पाहणे सोडले आणि कामाचेच तुकडे केले. कोणता तुकडा दिवसात कुठे बसेल, हे तो किती मिनिटांचा आहे यावरून ठरत नाही. त्याला किती लक्ष द्यावे लागते यावरून ठरते.

हा माझा शोध म्हणून मी ऐटीत सांगणार होतो, पण लिहिता लिहिता आठवले की ही रीत आईचीच आहे. आई, शेजारपाजारच्या बायका बोलायला आल्या, की तू पाठीच्या भागाच्या सरळ ओळी घेऊन बसायचीस. सुया चालत असायच्या आणि नजर समोरच्या माणसावर असायची. गळ्याचे टाके कमी करायचे काम मात्र बाबांची रात्रपाळी असेल त्या दिवशीच, आम्ही झोपल्यावर. मी एकदा पाणी प्यायला उठलो, तेव्हा तू डावा हात वर करून मला गप्प राहण्याची खूण केली होतीस, ओठ हलत होते, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, आणि ओळ संपल्यावरच तू विचारलेस, “काय रे?”

मीही आता तेच करतो. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, तेव्हा फक्त सुलट-उलट ओळी विणायच्या. सरळ लांब सुया शेजाऱ्याच्या कोपराला लागत आणि एकदा एक सुई सीटखाली घरंगळत तिसऱ्या माणसाच्या चपलेपर्यंत गेली, म्हणून मी दोन्ही टोके वायरने जोडलेली बांबूची सुई घेतली आहे. कुर्ल्यानंतर गर्दी वाढली, की ओळ पूर्ण करून पिशवीत टाकतो. अर्धी ओळ सोडली, तर संध्याकाळी कोणत्या दिशेने जायचे होते हे कळत नाही. लोक काय म्हणतात, असे बाबांनी विचारले होते. पहिला आठवडाभर लोक पाहत होते. आता एक गृहस्थ रोज बोटे मोजल्यासारखी करून आज किती ओळी झाल्या, असे विचारतात. सातवीत असताना आतेभावाने चिडवले म्हणून मी सुया टाकून दिल्या, हे आईला माहीत आहे. बाबांना बहुधा नसेल. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला, आणि आपल्या गल्लीत तर मागावर उभे राहणारे सगळे पुरुषच होते. पट्टणकोडोलीला घोंगड्याचा ताणा चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणणारेही पुरुषच मी पाहिले होते. सूत हातात धरणे बायकांचे काम आहे, असे त्यांच्यापैकी कोणाला कोणी म्हटलेले मी ऐकले नाही, मग दोन सुयांनीच काय घोडे मारले होते, हे मला अजून समजलेले नाही.

कसुती गाडीत जमत नाही. ती रात्री दहानंतरची वीस मिनिटे, टेबलावरच्या दिव्याखाली, दार लोटून. गवंतीच्या टाक्याला कापडाचे धागे मोजावे लागतात आणि गाठ कुठेच मारायची नसते. जाताना एकाआड एक घर मोकळे सोडत धावदोरा घालायचा आणि परत येताना तीच मोकळी घरे भरत यायचे, म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. जाताना एक धागा चुकला, तर ते परत येतानाच समजते, आणि तोवर तीन रात्री गेलेल्या असतात. आजीच्या इरकलीच्या पदरावरचे गोपुर मी साध्या सुती कापडावर उतरवले, तर ते विचित्र उंच झाले. नक्षी मी चार वेळा मोजून पाहिली, चूक सापडेना. शेवटी बाबा, तुमचे धागे मोजायचे घडीचे भिंग आठवले. बाजारात मिळाले तसले एक आणून कापडावर ठेवले, तर इंचात उभे धागे 56 आणि आडवे 44. रीड आणि पीक, म्हणजे इंचातले उभे आणि आडवे धागे, जुळत नसतील, तर चौकोन चौकोनी येणार कसा? तुम्ही जेवताना पोळीवर बोटाने रेघा मारून हेच सांगत होता आणि मला त्याचा कंटाळा येत होता. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका त्याचा काउंट, म्हणून 40 काउंटच्या एका पौंडात 33,600 वार सूत, हा हिशोब पाढ्यांच्या आधी पाठ झालेला मुलगा कापड घेताना धागे मोजायला विसरला, यावर तुम्ही हसाल हे मला माहीत आहे.

रंगाचे प्रयोग महिन्यातून एखाद्या रविवारी. त्यासाठी तुमच्या सुनेने दोन पातेली आणि एक डाव वेगळा काढून दिला आहे आणि तो स्वयंपाकघरात परत आणायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. 100 ग्रॅम लोकर, 12 ग्रॅम तुरटी आणि भाजीवाल्याकडून मागून आणलेल्या कांद्याच्या साली लोकरीच्याच वजनाइतक्या. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात, मग सालींच्या काढ्यात तासभर मंद आचेवर ठेवतो. खळखळून उकळू द्यायची नाही, ढवळत बसायचे नाही आणि पातेल्यातच निवू द्यायची, नाहीतर लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. सोन्यासारखा नारिंगी रंग येतो. एकदा पातेले सापडेना म्हणून मी लोखंडी कढई घेतली, तर तोच रंग शेवाळी होऊन बसला. लोखंडाने तो काळवंडतो, हे मी वर्गात शिकवत नसलो तरी मला ठाऊक असायला हवे होते. हळदीचे मात्र सांगू नका. दिसते सुंदर, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते; हळदीच्या कागदाचा तो प्रयोग मी मुलांना दरवर्षी दाखवतो.

हे सगळे सुरळीत चालते, असे समजू नका. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आल्या, की दोन महिने एकही टाका पडत नाही, आणि आताचा गोंधळ तर कामाचे तुकडे केल्यामुळेच झाला आहे. बाबांच्या स्वेटरचा पुढचा भाग मी गाडीत विणला आणि मागचा घरी, रात्री जुनी गाणी ऐकत. दोन्हीला 114 टाके, सुई एकच, लोकर एकच. गाडीत हात आवळलेला असतो, त्यामुळे तिथे 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसले. घरी हात सैल पडला, तर 20. परवा दोन्ही भाग एकमेकांवर ठेवले, तर पुढचा 52 सेंटिमीटर आणि मागचा 57. तुझ्या हातचे दोन भाग, आई, एक गप्पांत आणि एक एकांतात विणलेला, कधी वेगळे झालेले मला आठवत नाहीत. ते कसे करायचीस?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तू सुया बांधून माळ्यावर ठेवल्यास, असे बाबा म्हणाले. नाताळच्या सुटीत येताना मी जाड लोकर आणि 8 मिलिमीटरच्या सुया आणतो आहे. टाके बोटांना लागतील एवढे मोठे पडतात, मोजायला डोळे लागणार नाहीत. लडीचा गुंडा करायला बाबांनी पूर्वीसारखे दोन हात पुढे करून बसायचे आहे, आणि या वेळी मध्येच पेपर मागायचा नाही.

तोवर एक काम करा. आई, बाबांच्या छातीचे माप सदऱ्यावरून टेपने घे. बाबा, माप घेताना पोट आत ओढू नका. आणि पुढचा भाग उसवू की मागचा, हे कळव. मला मागचा सैल भागच बरा वाटतो, पण तो ठेवला तर पुढचा पुन्हा घरीच विणावा लागेल, आणि मग गाडीत काय विणायचे हेही तूच सांग.

तुमचा,
विनय