ताई, तुमचा गंगावणाचा डबा अजून माझ्याकडेच आहे

ताई,

तुमचं नाव इथे टाकत नाही, टाकलं तर तुम्ही फोन करून ओरडाल हे मला माहितीये. पण परवा सिरीयलच्या टायटलमध्ये 'केशभूषा'च्या पुढे पहिल्यांदा माझं एकटीचं नाव आलं, आईने टीव्हीचा फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला, आणि मला दिवसभर तुमचीच आठवण येत राहिली. तुमचे आभार मी कधी धड मानलेच नाहीत, म्हणून आज सगळ्यांसमोर मानते.

२०१३ मध्ये मी डोंबिवलीहून फिल्मसिटीला यायचे. सातची शिफ्ट म्हणजे हिरोईन सहाच्या आत खुर्चीत, म्हणजे मी पहाटेच्या अंधारात लोकलमध्ये, दादरला गाडी बदलून गोरेगाव आणि तिथून रिक्षा. पैसे ९० दिवसांनी मिळतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, पहिल्या महिन्याचा पास तुम्ही काढून दिलात आणि उशिरा पॅकअप झालं की तुमच्याच घरी झोपायचे मी. पहिले आठ दिवस तुम्ही मला कंगवा हातात घेऊ दिला नाहीत, नुसत्या पिना द्यायला उभं केलंत. तेव्हा रडू यायचं. पण त्या आठ दिवसांत मला कळलं की यू-पिन सरळ खुपसायची नसते, आधी उलट्या दिशेने घालून खालचे केस पकडायचे आणि मग वळवून अंबाड्यात सरकवायची, मग नाचाचं गाणं असलं तरी खोपा हलत नाही.

आणि ते मढचं पावसातलं शूट! जुलै महिना, हवा एवढी दमट की कर्ल केले की दहा मिनिटांत सरळ, मी टॉन्ग अजून गरम करत होते आणि तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, केस गरम असताना ऐकतात पण लक्षात ठेवतात ते गार होताना, त्यामुळे गरम कर्ल सोडायचा नाही, गुंडाळून पिन लावून पूर्ण गार होऊ द्यायचा. आज माझ्या असिस्टंट मुलींना मी हेच सांगते, अगदी तुमच्याच शब्दांत.

पण ज्या दिवसाचे आभार मानायला हे लिहायला बसले तो दिवस वेगळाच. हिरोईन दार उघडून आत येते तो सीन आणि पुढचा खोलीतला सीन यांच्यात चार दिवसांचं अंतर होतं, खोलीतला आधी शूट झालेला. कंटिन्युटीचा फोटो, म्हणजे दोन्ही सीनमध्ये केस सारखेच दिसावेत म्हणून काढून ठेवायचा तो, मी काढला होता, पण खुर्चीच्या मागे उभी राहून, आरशातला. आरशात डावं ते उजवं होतं एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. चार दिवसांनी त्या फोटोवरून मी भांग पाडला, म्हणजे उलट्या बाजूला, आणि एडिटला बसल्यावर कळलं की बाई दारातून आत येईपर्यंत तिचा भांग बदललाय. अर्ध्या दिवसाचं शूट परत करावं लागलं. सगळ्या युनिटसमोर विचारलं गेलं, हेअर कुणी केलं होतं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, डिपार्टमेंट माझं, चूक माझी. तुमचा त्या दिवसाचा पगार कापला गेला हे मला स्पॉटदादाकडून कळलं, तुम्ही कधीच बोलला नाहीत. व्हॅनिटीत आल्यावर फक्त एवढंच, की फोटो नेहमी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून, आणि भांग कुठल्या भुवईच्या वर येतो ते वहीत लिहायचं. ती वही मी आजही ठेवते, आता बारावी वही चालू आहे.

मग २०१४. तोपर्यंत आपल्याकडे बाईला युनियनचं काम करायचं कार्ड मिळायचं ते हेअरचंच, मेकअपचं फक्त पुरुषांना. तुमचा मेकअपचा हात किती सुरेख आहे हे सेटवर सगळ्यांना माहीत होतं तरी तुम्हाला कधी ब्रश उघडपणे हातात घेता आला नाही. चारू खुराना आणि त्यांच्यासोबतच्या बायका कोर्टात लढल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ही बंदी बेकायदा ठरवली. रात्री तुमचा फोन आला, आवाज भरून आलेला. मला वाटलं तुम्ही स्वतःबद्दल बोलाल, पण तुम्ही म्हणालात, तू मेकअपच्या कार्डाचा फॉर्म भर, मी येते सोबत.

मी मेकअप शिकले, वर्षभर केलाही. परत हेअरकडे आले ते मला खोपा घालायला, विगची लेस, म्हणजे तिच्या कडेची बारीक जाळी, कपाळावर बेमालूम बसवायला जास्त आवडतं म्हणून. दुसरं दार बंद होतं म्हणून नाही. हा फरक माझ्यासाठी किती मोठा आहे ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. ऑस्करच्या विभागाच्या नावात हेअरस्टायलिंग हा शब्दसुद्धा २०१२ मध्ये आला, आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तर केशभूषेला अजून वेगळा पुरस्कार नाही. तो सुरू झाला की मी सगळ्यात आधी तुम्हालाच फोन करणार.

रविवारी शूट नाहीये, डबा घेऊन घरी येते. जुनं लांब गंगावण शाम्पू करून सावलीत वाळवलंय, तुम्ही शिकवलंत तसंच, उन्हात नाही. आणि दोन नवीन घातलीयेत त्यात, नको म्हणू नका.

तुमची,
पिना देणारी मुलगी