माझ्या मुलीला नाव देणाऱ्या ताईंस

सप्रेम नमस्कार.

परवा पोलके न्यायला आलो तेव्हाच हे सांगायचे होते. परंतु तुमच्या खुणांच्या भाषेत मला अजून ‘धन्यवाद’च्या पुढे जाता येत नाही आणि तेवढ्याने माझे समाधान झाले नसते, म्हणून लिहीत आहे.

मुलगी बोलत नाही म्हणून ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तिच्यामागे साधी टाळीही न वाजवता ‘बापावर गेली असेल’ असे हसत सांगितले. बेरा, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी झाली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि अहवालात दोन्ही कानांपुढे ९० डेसिबलच्या वरचा आकडा होता; कायदा ७० लाच कर्णबधिर म्हणतो. पुढे एका शाळेने ‘आधी बोलू द्या, मग प्रवेशाचे पाहू’ असे सांगून आम्हांला फाटकातूनच परत पाठवले.

या लोकांवरचा राग अजून गेलेला नाही. पण ती खुणा करू लागली की तिची मनगटे धरून हात खाली दाबणारा मीच होतो. खुणांची सवय लागली तर मूल बोलत नाही, असे कोणीतरी म्हणाले होते आणि ते मला लगेच पटले; खरे कारण एवढेच, की एसटीत लोक वळून पाहत. सहा वर्षांत तिने ‘बब्बा’ एवढा एक शब्द काढला आणि तो मी आल्यागेल्या पाहुण्यांपुढे तिच्याकडून वदवून घेत राहिलो.

त्या दिवशी तुम्ही मशीन थांबवून बाहेर आलात, तिच्यासमोर उकिडव्या बसलात आणि खुणेने तिचे नाव विचारलेत. उत्तर अर्थातच मी दिले, पावतीच्या पाठीवर लिहून. तुम्ही ते वाचलेत, पावती बाजूला ठेवलीत आणि पुन्हा तिच्याकडेच पाहत राहिलात. मग तिच्या डाव्या गालावरच्या खळीवर तर्जनी टेकवून किंचित फिरवलीत आणि हे तुझे नाव, असे तिला सांगितलेत. मी तसे करू गेलो तर माझे बोट उजव्या गालावर पडले, तेव्हा तुम्ही माझे मनगट धरून हात दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलात. खडूची निळी पूड घरी पोहोचेपर्यंत मनगटावर होती. मुलगी मोठ्याने हसली. ती हसते तेव्हा तिला आवाजाचा अंदाज नसतो आणि एरवी मी तिला गप्प केले असते.

ना तुमच्या दुकानावर समाजसेवेची पाटी आहे, ना तुम्ही फोटो काढलात. गिऱ्हाईक आले तशा पुन्हा मशीनवर बसलात. चांगुलपणा असाच, हातातले काम दहा मिनिटे बाजूला सारून केलेला असतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आता रात्री जेवणे झाली की आम्ही भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश मोबाइलवर उघडून बसतो. त्यात १०,००० हून अधिक शब्द आहेत. आमचे भाजीपाल्यापर्यंत आले आहेत, आणि माझी बोटे पाहून ती अजूनही हसते. तिने घरातल्यांना स्वतःच नावे ठेवली आहेत. आजी म्हणजे कुंकू, आई म्हणजे वेणी. माझे नाव सांगताना ती आपल्या एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरते. ते मी बदलून मागितलेले नाही.

रविवारी तिला घेऊन येतो. फ्रॉकची शिवण उसवली आहे.

आपला कृतज्ञ,
खळीचा बाप