उधारीची वही दुसरीकडे कुठेच नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३१ मार्चच्या आपल्या पुरवणीत ‘जागतिक बॅकअप दिना’वरचा लेख वाचला. बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरवरच्या माहितीची वेगळी राखून ठेवलेली प्रत. त्यात चुकीचं काही नाही. पण ज्या दिवशी छापला त्या दिवशी आमच्याकडच्या एकाही दुकानदाराला तो वाचायची फुरसत नव्हती, कारण वर्षाचा हिशेब बंद करायचा दिवस तोच. शिवाय लेखकानं मुंबई-पुण्याच्या ऑफिसाला आणि आमच्या कृषी केंद्राला एकच औषध लिहून दिलंय, सगळं क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत टाका. म्हणून दारव्हा तालुक्यातून हे पत्र.

मी कृषी केंद्रं, एक हार्डवेअरचं दुकान आणि कापसाचे दोन-तीन खरेदीदार यांचे हिशेब लिहिते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, जीएसटीचं विवरण, बँकेचा मेळ. लाडखेड, बोरी अरब, दारव्हा असं स्कूटीवर फिरणं असतं. लोक ताई म्हणतात, काम मुनीमजीचं.

नव्या दुकानात गेले की मी आधी विचारते, बॅकअप कुठं आहे? उत्तर ठरलेलं: “हाय ना ताई, डी ड्राइव्हमंदी टाकेल हाय.” आता सी आणि डी ही बहुतेक दुकानांत एकाच डिस्कची दोन नावं असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. खायची ज्वारी आणि पेरायची ज्वारी एकाच कणगीत ठेवून वर बियाणं वेगळं राखलंय म्हणायचं, त्यातला प्रकार.

पण माझा मुद्दा डिस्कच्या पुढचा आहे. ‘सगळ्याचा’ बॅकअप घ्या म्हटलं की दुकानदार घाबरतो आणि कशाचाच घेत नाही. त्यापेक्षा त्यानं स्वतःला विचारावं, माझ्याकडे असं काय आहे जे जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही? कंपनीकडून घेतलेल्या मालाची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी या खरेदीच्या उताऱ्यात दिसतात. खताची विक्री पॉस मशीनवर शेतकऱ्याच्या आधारवर होते, तिची नोंद सरकारकडे जाते. फोनपे, गुगल पेचे पैसे बँकेच्या खातेउताऱ्यात असतात. हे सगळं उद्या परत मिळू शकतं. घाम फुटेल, पण मिळेल.

उधारी मात्र मिळत नाही. कोणी बियाणं उधार नेलं, कोणी फवारणीचं औषध नेलं, कोणी मधे पाच हजार रोख टेकवले, हे फक्त त्या एका कॉम्प्युटरला ठाऊक असतं. शेतकऱ्याला विकलेला माल जीएसटीच्या विवरणात नावानिशी जात नाही, एकत्रित आकडा जातो. त्यामुळे पोर्टलकडून मदतीची आशा नाही. कीटकनाशकांचे बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा यांचंही तसंच.

आता आमच्याकडचं वर्ष पाहा. जूनमध्ये बियाणं आणि खत, जुलै-ऑगस्टमध्ये फवारण्या. पहिला पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, दसरा-दिवाळीत. कापसाचा त्यानंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे उधारीची वही सगळ्यात फुगलेली असते ती पोळ्याच्या सुमारास आणि सगळ्यात हलकी असते मार्चअखेरीस. ३१ मार्चला मोठ्या निगुतीनं घेतलेला बॅकअप पुढच्या खरिपाच्या उधारीबद्दल अक्षरही सांगत नाही. वही फुगायला लागते, नेमक्या त्याच दिवसांत आकाश कडाडायला लागतं आणि लाईन दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नसतो.

एका कृषी केंद्रात हे घडलेलं मी जवळून पाहिलंय. गाव सांगत नाही. ऐन पावसाळ्यात संध्याकाळी जवळच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली. यूपीएस जळाला, त्यामागोमाग कॉम्प्युटर गेला. पेनड्राइव्ह होता, तोही मशीनलाच लावलेला, महिनोन्‌महिने. तोही गेला. नागपूरला डेटा काढून देणाऱ्याकडे डिस्क नेली तर तो म्हणाला, उघडून पाहावी लागेल, निघेल तेवढं निघेल, पैसे मात्र उघडण्याचेही लागतील.

मग कापूस विकल्यावर माणसं उधारी द्यायला यायला लागली. “किती निघतात जी माह्याकडं?” शेठ काय सांगणार! एका काकांनी सातबारा ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेलं बिल काढलं, टेबलावर सरळ केलं. कागद पांढरा. वर दुकानाचं नावसुद्धा उरलं नव्हतं. बिलाच्या छोट्या प्रिंटरमध्ये शाई नसते, कागदच उष्णतेनं काळा होतो. हा थर्मल कागद उन्हात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत राहिला की अक्षरं उडतात. आमच्याकडे दोन्ही गोष्टी मुबलक. काकांनी तोंडी जो आकडा सांगितला तो शेठच्या अंदाजापेक्षा जास्तच निघाला. सगळेच तसे नव्हते, हेही लिहायला हवं. आणि ज्यांनी मधे रोख भरले होते त्यांची तर अडचण दुहेरी झाली. भरल्याचा पुरावा दुकानात नाही, खिशातही नाही. बॅकअप हा दुकानदाराच्या सोयीचा विषय आहे असं समजणाऱ्यांनी या भरलेल्या पैशांचा विचार करावा. तेव्हापासून मी प्रत्येक दुकानात सांगते, रोखीचं बिल थर्मलवर दिलं तरी चालेल, उधारीचं बिल आणि जमा पावती साध्या कागदावरच छापा, नाहीतर कार्बन लावून हातानं लिहा.

कायदाही इथे आहेच. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. कंपन्यांना तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचं बंधन आहे. आमचे दुकानदार मालकीचे नाहीतर भागीदारीचे, त्यांना ते लागू नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

मी बसवून दिलेली पद्धत साधी आहे. उधारीसकट टॅलीचा वर्षाचा डेटा एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षाही कमी जागेत मावतो. दोन पेनड्राइव्ह घ्यायचे, ओळखीच्या दुकानातून, बिलासह. आठवडी बाजारातल्या स्वस्त ‘एक टीबी’च्या नादी लागायचं नाही, ते आकड्यापुरतेच एक टीबी असतात. एक दुकानात, एक घरी. संध्याकाळी शटर ओढण्याआधी टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्यायचा, त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये. कालच्यावरच आजचा लिहिला आणि डेटा आजच बिघडलेला असेल, तर चांगलाही गेला. मग पेनड्राइव्ह काढायचा. हे काढणं महत्त्वाचं. मशीनला लागलेल्या गोष्टीला वीजही गाठते आणि व्हायरसही. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद करतात. काढलेला पेनड्राइव्ह घरी न्यायचा, उद्या घरचा दुकानात आणायचा.

दुकान आणि घर एकाच माडीत असेल किंवा गाव नाल्याकाठी असेल तर एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, बहिणीकडे, सासुरवाडीला. जुलै २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पाण्यानं वेढलं तेव्हा माणसं काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. अशा वेळी वरच्या फळीवर ठेवलेल्या पेनड्राइव्हचं काय होईल ते सांगायला नको.

ज्यावर जवळपास कुणीच बोलत नाही ते म्हणजे बॅकअप परत उघडून पाहणं. महिन्यातून एकदा, नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू डेटाच्या डोक्यावर कधीच नाही, नाहीतर आजचा हिशेब पुसून मागच्या महिन्याचा येईल. उघडल्यावर कोणत्याही एका शेतकऱ्याची बाकी पाहायची आणि चालू टॅलीतल्या त्याच तारखेच्या बाकीशी जुळवायची. जुळली तर बॅकअप आहे. न उघडता सहा महिने जपलेल्या पेनड्राइव्हवर कधी कधी फक्त फोल्डरचं नाव असतं, आत काही नसतं.

क्लाऊडला माझा विरोध नाही. डेटा एवढासाच असल्यामुळे रात्री मोबाइलच्या नेटवरूनही तो जातो. पण गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि तीत ईमेल, फोटो, ड्राइव्ह, शिवाय आता अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. शुभ सकाळच्या चित्रांनी ती भरते आणि मग उधारीची फाईल वर जायची थांबते. पडद्यावर कुठेतरी सूचना येते, ती वाचतो कोण? दुसरं असं की कॉम्प्युटरवरचं फोल्डर ड्राइव्हशी आपोआप जुळवून ठेवलं असेल तर इथे खोडलेलं तिथेही खोडलं जातं. कचरापेटीत ३० दिवस राहतं, मग जातं. आणि खातं कुणाचं? बऱ्याच दुकानांत ते कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर असतं. नव्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. कधी दुरुस्तीनंतर मशीन ४८ आकडी चावी मागतं आणि ती चावी त्या पोराच्या खात्यात पडलेली असते. पोरगा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला! खातं दुकानदाराच्या नावानं, त्याच्याच चालू नंबरवर हवं आणि ती ४८ आकडी चावी कागदावर उतरून तिजोरीत. फोनवरच्या उधारीच्या ॲपचंही तेच. त्यांचा हिशेब मोबाइल नंबराला बांधलेला असतो. रिचार्ज न करता नंबर बंद पडू दिला तर तो पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. दर महिन्याला यादीची पीडीएफ उतरवून छापून ठेवावी.

ऊन आणि अर्थिंगबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण ते कुणी लिहीत नाही. बहुतेक कॉम्प्युटरच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं छापलेलं असतं. आमच्या टिनाखालच्या दुकानात मे महिन्यात काय असतं ते विदर्भाबाहेरच्या वाचकांनी येऊन पाहावं. त्याच मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो. कोळसा-मीठ घातलेला खड्डा ओला असेल तरच काम करतो. कोरडा असेल तर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा महागडा सर्ज प्रोटेक्टरही नावालाच. मे महिन्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहणं हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त. कडाडायला लागलं की प्लग काढायचा, सोबत नेटची वायरही, ती सगळे विसरतात. आणि यूपीएस हा लाईन गेल्यावर अर्धा तास बिलं फाडायला नसतो. तो टॅली नीट बंद करायला असतो. नोंद होता होता मशीन बंद पडलं की डेटा बिघडतो, मग दुरुस्तीचे खेळ.

जुन्या मशीनवाल्यांसाठी एवढंच, विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्या मशीनवर टॅली चालवा, अनोळखी ईमेल उघडू नका. आणि व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ किंवा लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल दुकानाच्या फोनवर उघडू नका, त्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात.

आता मागणी. खरिपापूर्वी कृषी विभागाच्या निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) विक्रेत्यांसोबत बैठका होतात. साठा, दरफलक, बोगस बियाणं यावर बोलणं होतं, व्हायलाच हवं. त्यातच अर्धा तास या विषयाला द्यावा, आणि भाषणाऐवजी एका दुकानाचा बॅकअप सगळ्यांसमोर रिकाम्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवावा. विक्रेत्यांच्या संघटनांनीही हे मनावर घ्यावं.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पुढच्या वर्षी तो लेख ३१ मार्चला न छापता मृग लागण्याच्या आधीच्या आठवड्यात छापावा, आणि पुरवणीत नको, बाजारभावाच्या चौकटीशेजारी, कारण आमचे दुकानदार पेपर हातात आला की तेच पान आधी उघडतात. मजकूर दोन ओळींचा पुरे: उधारीचा बॅकअप घेऊन पेनड्राइव्ह घरी न्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका. खाली ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर, ठळक अक्षरांत.

आपली,
एक हिशेबनीस
दारव्हा, जि. यवतमाळ